‘अनादी काळापासून’ म्हणजे नक्की कधीपासून? वीरेश्वर, चवदार तळं आणि गावच्या देवळाचा इतिहास

गावच्या देवळाचा इतिहास सांगणारा कुठलाही मजकूर घ्या. प्रवेशद्वाराजवळचा ग्रॅनाइटचा फलक असो, उत्सवाच्या वर्गणीच्या पावतीबरोबर मिळणारी आठ पानी पुस्तिका असो, नाहीतर कुणीतरी फॉरवर्ड केलेला लांबलचक मेसेज असो. पहिल्या चार ओळींत ‘प्राचीन’, ‘स्वयंभू’ आणि ‘हेमाडपंती’ हे शब्द येणारच. पुढे एका गाईने झुडपात जाऊन आपोआप पान्हा सोडल्याची कथा, मग कुणाला तरी झालेला दृष्टांत, आणि तिथून थेट उडी ‘ग्रामस्थांच्या सहकार्याने जीर्णोद्धार’ या ओळीवर. मधली काही शतकं कुठे गेली, ते कुणी विचारत नाही.

आजची पोस्ट या मजकुरावरची टीका आहे. श्रद्धेवरची नाही, तो माझा विषय नाही. पण हा मजकूर ‘इतिहास’ म्हणून छापला जातो, म्हणून त्याला पुराव्याचे प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. आणि तुमच्यापैकी जे सध्या पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांनी आपला पहिला परिच्छेद जरा उघडून बघा. ‘प्राचीन काळापासून मानव...’ अशी सुरुवात आहे ना? मग हे तुमच्यासाठीच आहे.

मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर, पीएच.डी. नदीच्या पाण्यावर. देवळांच्या इतिहासात माझं काय काम, असं वाटेल. पण ‘पुरावा नाही’ आणि ‘घडलं नाही’ यांतला फरक मला जितका स्वच्छ कळला तितका तो कुठल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकातून कळला नव्हता. तो कळला महाडच्या एका तळ्यावरच्या कोर्टाच्या निकालातून. त्या निकालाकडे जायची वाट मात्र देवळातून आहे, म्हणून आधी देऊळ.

‘हेमाडपंती’पासून सुरू करू, कारण हा शब्द तारखेसारखा वापरला जातो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा, म्हणजे महादेव आणि रामचंद्र या राजांचा अधिकारी. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधायची पद्धत त्याच्या नावावर जमा झाली. आता अंबरनाथचं शिवमंदिर बघा. तिथल्या शिलालेखात शक 982 आहे, म्हणजे इ.स. 1060. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी ‘हेमाडपंती’ देऊळ उभं होतं! म्हणजे हा शब्द बांधकामाची पद्धत सांगतो, आणि तीही ढोबळ. काळ सांगत नाही. तरी आपण फलकावर ‘हेमाडपंती म्हणजे 800 वर्षांपूर्वीचे’ असं गणित बिनदिक्कत करतो. लॅबमध्ये कॅलिब्रेट न केलेल्या मीटरचं रीडिंग तीन दशांशांपर्यंत लिहिण्यासारखाच हा प्रकार.

महाड-पोलादपूरकडची बहुतेक गावदेवळं तर या वर्णनात बसतच नाहीत. जोतं काळ्या दगडाचं किंवा जांभ्याचं, वर लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर. पावसाचा जोर बघता दुसरं काही टिकलंही नसतं. अशा इमारतीत काळ शोधायचा तर तो शिखरात नाही, छपरात शोधावा लागतो. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगलोरला 1865 मध्ये काढला. म्हणजे ज्या छपरावर मंगलोरी कौल आहे ते छप्पर, निदान आज आहे त्या रूपात, 1865 च्या आधीचं असू शकत नाही. त्याआधी नळीची कौलं, त्याआधी गवत-पेंढा. मूर्ती जुनी असू शकते, जोतं त्याहून वेगळ्या काळाचं, छप्पर आणखी वेगळं. ‘देऊळ किती जुनं?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. कुठला भाग किती जुना, असं विचारावं लागतं.

आणि हे विचारायच्या आतच जीर्णोद्धार होतो. जुने खांब जळणाला जातात, जोत्यावर टाइल्स बसतात, वीरगळावर ऑइलपेंट. हा आपलाच दोष आहे असं मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गावोगावच्या चर्चचं असंच ‘रिस्टोरेशन’ झालं. मधल्या शतकांचं बांधकाम खरवडून काढून चर्च ‘मूळ रूपात’ आणण्याचा सपाटा लागला होता. त्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. मॉरिस आणि मंडळींचं म्हणणं सोपं होतं: मूळ रूप असं काही नसतं, सगळे थर मिळूनच ती इमारत होते. आपल्याकडे जीर्णोद्धार समितीच्या पहिल्याच बैठकीत हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर तिथल्या एका गावाबद्दल सांगते, कारण गावच्या देवस्थानाचा इतिहास कसा लिहावा याचा माझ्या माहितीतला सर्वात चांगला नमुना तिथला आहे. डेव्हन परगण्यातलं मोरबाथ. सोळाव्या शतकात जेमतेम तेहेतीस-एक कुटुंबांचं गाव. पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीएवढं. तिथे ख्रिस्तोफर ट्रिचे नावाचा पाद्री 1520 मध्ये आला आणि 1574 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. चोपन्न वर्षं त्याने चर्चचे हिशोब लिहिले. मेणबत्त्या किती, देवाच्या नावाने सोडलेल्या मेंढ्या कुणाकडे पोसायला दिल्या, लोकर कितीला गेली, छप्पर कुणी दुरुस्त केलं. हे हिशोब गावासमोर मोठ्याने वाचले जात. याच चोपन्न वर्षांत इंग्लंडच्या राजसत्तेने धर्म चार वेळा फिरवला. मूर्ती काढा म्हणाले, मग परत बसवा म्हणाले, मग परत काढा. 1549 मध्ये नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बंड झालं तेव्हा या गावाने पाच तरुणांना खर्चाला पैसे देऊन एक्सेटरजवळच्या बंडखोरांच्या छावणीत पाठवलं. हे आपल्याला कळतं कशावरून? हिशोबाच्या वहीतल्या खर्चाच्या नोंदीवरून. ईमन डफी या इतिहासकाराने 2001 मध्ये त्यावर ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हे पुस्तक लिहिलं. मेंढ्या आणि मेणबत्त्यांच्या हिशोबातून एका गावाचा जीव कसा घुसमटला ते दिसतं. मिळालं तर नक्की वाचा.

पण वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकाच्या नावात ‘आवाज’ अनेकवचनी आहेत, वहीतला हात मात्र एकच आहे. ट्रिचे ‘आम्ही’ लिहितो तेव्हा त्या ‘आम्ही’त कोण कोण होतं? ज्याच्याकडे द्यायला मेंढी नव्हती, तो वहीत कसा येणार? डफीला याची जाणीव आहे, तो तसं बजावतोही. तरी कथा रंगत जाते तसा वाचक ट्रिचेच्या ‘आम्ही’ला अख्खं गाव समजू लागतो. मला पुस्तकातली ही जागा कच्ची वाटते. हिशोबाची वही ज्यांना आत घेते त्यांचाच इतिहास सांगते. महाडला येताना हाच प्रश्न बरोबर घेऊन यायचा आहे.

महाडचं ग्रामदैवत वीरेश्वर. महाशिवरात्रीच्या छबिन्याला आसपासच्या गावांतल्या देवतांच्या पालख्या आणि काठ्या वीरेश्वराच्या भेटीला येतात. विन्हेऱ्याची झोलाई येते तेव्हाची गर्दी ज्याने बघितली त्याला वेगळं सांगायला नको. या उत्सवाची रचना बघितली तर ती एखाद्या नकाशासारखी आहे. कुठल्या गावाची पालखी, कुणाचा मान आधी, कुणी कुठे थांबायचं. ठरलेल्या मानांमध्ये गावांचे आणि जातींचे जुने करार साठलेले असतात. मोरबाथला वही होती, इथे मान आहेत. कोकणातल्या पुष्कळ गावांत होळीला आणि पालखीला महारांचेही मान ठरलेले असत. म्हणजे उत्सवाच्या व्यवस्थेत ते होते, गाभाऱ्याच्या बाहेर. ‘गावाचं दैवत’ म्हणताना ‘गाव’ या शब्दाची हद्द कुठपर्यंत, हे इथे दिसतं.

आता 1927. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 ला झाला होता: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर खुलं, प्रत्यक्षात नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेतले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. यानंतरच्या दोन-तीन तासांत जे झालं त्यात वीरेश्वर येतो. गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेचा तसा कार्यक्रम नव्हता. पण आवईवर जमाव जमला, काठ्या निघाल्या, मांडवात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या लोकांना मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे तळं पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ‘शुद्ध’ करण्यात आलं.

इंग्लंडमध्ये 1559 च्या कायद्याने रविवारी आपल्या गावच्या चर्चला न जाणाऱ्याला बारा पेन्स दंड होता. म्हणजे तिथे न येण्याबद्दल शिक्षा. महाडला येणार आहेत एवढ्या अफवेवर डोकी फुटली. ‘गावचं देवस्थान’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरून तुलना करणाऱ्यांनी हा फरक आधी मांडायला हवा, मग खुशाल घुमटांची तुलना करावी.

माझी टीका इथे आहे. वीरेश्वराचे जे परिचय माझ्या वाचनात आले त्यांत छबिना आहे, पालख्या आहेत, महती आहे. 20 मार्चची दुपार नाही. उलट चवदार तळ्यावरच्या लेखनात वीरेश्वर फक्त अफवेत येतो आणि निघून जातो. एकाच गावातले दोन इतिहास एकमेकांच्या अंगाखांद्याला लागत असूनही बोलत नाहीत. सोयीचं आहे, पण यात दोन्हीचं नुकसान होतं. देवळात प्रवेश होईल ही भीती एवढी स्फोटक का होती, ते देवळाच्या इतिहासाशिवाय कळणार कसं?

आणि आता तो निकाल. 12 डिसेंबर 1927 ला काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. तळं खाजगी आहे, आणि नसलं तरी त्यावर फक्त सवर्णांची अनादी वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. आधी मनाई हुकूम मिळाला. महाडच्या कोर्टाने 1931 मध्ये दावा फेटाळला, ठाण्याला अपील फेटाळलं गेलं, आणि मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 ला शेवटचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. हे तेच, ज्यांनी 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

तळं नगरपालिकेच्या ताब्यातलं आहे हे ठरल्यावर प्रश्न उरला वहिवाटीचा. आता नीट बघा, कारण हा भाग संशोधन करणाऱ्याने घोकावा असा आहे. साक्षीपुराव्यात हे आलं होतं की माणसांच्या आठवणीत अस्पृश्य लोक तळ्याचं पाणी भरत नव्हते. म्हणजे निरीक्षण पक्कं. वादी म्हणत होते, बघा, म्हणजे अनादी काळापासून मनाई आहे. कोर्टाने निरीक्षण मान्य करून निष्कर्ष नाकारला. चार-पाच एकरांचं, आभाळाखाली उघडं असलेलं, गावाच्या कडेचं तळं. ते कधी आणि कसं झालं हे कुणालाच ठाऊक नाही. भोवती सवर्णांची घरं उभी राहिली नव्हती तेव्हा त्या पाण्यावर एकाच वर्गाचा हक्क राखायचा प्रयत्न तरी कुणी केला असता का? ही शंका घेतली की आजच्या ‘वापर नाही’वरून कालची ‘मनाई’ सिद्ध होत नाही. आणि अनादी तर मुळीच नाही.

आपल्या भाषेत बोलायचं तर: तुमच्याकडे एक शून्य आहे. अमुक गटाकडून वापर शून्य. हे शून्य बंदीमुळे आलं असेल, अंतरामुळे आलं असेल, भोवती घरं कुणाची आहेत त्यामुळे आलं असेल, भीतीमुळे आलं असेल. वादींनी शून्याला एकच कारण चिकटवलं आणि ते मागे अनंतापर्यंत ताणलं. ग्राफवर शेवटचे पाच बिंदू सरळ रेषेत आले म्हणून रेष डावीकडे कागदाबाहेर काढत नेणं, हेच ते. कोर्ट म्हणालं, तुमच्या बिंदूंच्या पलीकडे रेषा काढायची परवानगी नाही.

इंग्लिश कायद्यात ‘स्मरणापलीकडचा काळ’ याला चक्क एक तारीख आहे, माहितीये? पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाचं वर्ष, 1189. त्याआधीपासून चालत आलेलं ते अनादी. ही तारीख हास्यास्पद वाटते, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. ‘अनादी’ म्हणजे कधीपासून हे निदान बोलून दाखवलंय. आपल्या फलकांवर तेवढंही नसतं.

निकालातला दुसरा मुद्दा फार कमी लोक सांगतात, आणि देवळांच्या इतिहासासाठी तोच महत्त्वाचा आहे. वादींनी देवळांच्या खटल्यांचे दाखले दिले होते. तामिळनाडूतल्या कमुदीच्या देवळात नाडार समाजाला प्रवेश नाकारणं प्रिव्ही कौन्सिलने 1908 मध्ये कायम केलं होतं. ब्रूमफील्ड यांनी ते दाखले तळ्याला लागू होत नाहीत असं सांगितलं. पण कारण काय दिलं? देवळाच्या बाबतीत दीर्घकाळ चालत आलेली आणि इतरांनी खपवून घेतलेली रीत असेल, तर ते देऊळ मुळातच वरच्या जातींसाठी अर्पण झालं असावं असं गृहीत धरता येतं, आणि मग आपलाही तिथे हक्क आहे हे सिद्ध करायचा भार अस्पृश्यांवर येऊ शकतो. तळ्याबाबत तसं गृहीत धरता येत नाही.

थोडं थांबून परत वाचा. त्याच गावात, त्याच लोकांबाबत, त्याच प्रकारच्या शून्यावरून, तळ्याला एक न्याय आणि देवळाला दुसरा. आज आपण ज्याला साधं कौतुकाचं विशेषण समजतो ते ‘प्राचीन’ त्या काळात कोर्टात चालणारं हत्यार होतं. देऊळ जितकं जुनं, रीत जितकी जुनी, तितकं दार पक्कं बंद. मुंबई प्रांतात 1947 च्या मंदिर प्रवेश कायद्याने आणि पुढे संविधानाने हे गृहीतक मोडलं. म्हणून देवळाच्या वयाचा प्रश्न निरुपद्रवी नाही. ‘ही प्रथा फार प्राचीन’ हे वाक्य तुम्ही प्रबंधात लिहिता तेव्हा नकळत वादीच्या बाजूने साक्ष देत असता.

‘मग ज्यांना वहीत जागा नव्हती त्यांचा पुरावा आणायचा कुठून?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ‘नाहीच’ असं गृहीत धरून विचारला जातो. महाडपुरतं तरी ते खोटं आहे. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर 1927 च्या एक पिढी आधी अस्पृश्यतेविरुद्ध छापून लिहीत होते, आणि 1895 मध्ये ते महाडच्या तालुका लोकल बोर्डावरही होते. सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, 3 एप्रिल 1927 ला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. शिवाय खटल्यातली कैफियत आणि जबान्या. एवढं साहित्य मोरबाथच्या मेंढी नसलेल्या माणसाने मागे ठेवलेलं नाही.

महाडला देणगीची सर्वात जुनी ‘वही’ तर दगडात आहे. मुंबईहून येताना महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची लेणी लागतात. तिथल्या ब्राह्मी लेखात वेण्हुपालित, म्हणजे विष्णुपालित, नावाच्या कुमाराने लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची दोन टाकी दिल्याचं कोरलंय. कुणी दिलं आणि काय दिलं ते सरळ लिहिलेलं. पाण्याची टाकी मोजून लिहावीत इतकी मोलाची होती, हेही त्यातून कळतं. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरात या लेण्यांची माहिती आहे. गंमत म्हणजे या लेण्यांनाही स्थानिक बोलण्यात पांडवलेणी म्हणतात. कोरीव लेख डोळ्यांसमोर असताना पांडव येतात, तर लेख नसलेल्या देवळाचं काय होणार!

जाता जाता पोलादपूरचंही. शिवाजी महाराजांचं संस्कृत चरित्र ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदाची समाधी पोलादपुरात आहे. ते हस्तलिखित शोधून, संपादून स. म. दिवेकरांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे छापलं ते साल 1927. त्याच वर्षी शेजारच्या महाडात तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. एका तालुक्याचा जुना कागद सापडण्याचं आणि दुसऱ्या तालुक्यात नवा इतिहास घडण्याचं वर्ष एकच. पहिल्या घटनेला तेव्हाच्या संशोधकांनी इतिहास म्हटलं. दुसरीला त्यांच्यातल्या किती जणांनी म्हटलं असतं?

मग करायचं काय? कुणाला महाड किंवा पोलादपूरमधल्या एखाद्या देवळावर काम करायचं असेल तर फलकापासून सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. देवस्थानाची जमीन असेल तर सातबारा आणि जुने फेरफार काढा; देवस्थान इनाम वर्ग 3 म्हणून नोंद सापडेल, वहिवाटदार कोण ते कळेल. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणीचा अर्ज असतो, त्यात स्थापनेबद्दल विश्वस्तांनी तेव्हा काय लिहिलं होतं ते आजच्या पुस्तिकेशी ताडून बघा. ही तुलना करमणूकही करते. पेशवाईतल्या नेमणुकांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, पण त्यासाठी मोडी यायलाच हवी. आजच वर्ग लावा. उत्सवातल्या मानांची यादी स्वतः करा, आणि यादी सांगणारा कोण होता तेही बाजूला लिहा. एकाच घरातून घेतलेली यादी ही ट्रिचेची वही आहे, गावाची नव्हे. गुरवाकडून घ्या, मानकऱ्यांकडून घ्या, बौद्धवाडीतून घ्या, तिन्ही कागद शेजारी ठेवा.

घाईचंही एक कारण आहे. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलं होतं. घराघरांत ट्रंकेत असलेले कागद, फोटो, जुन्या पावत्या, वह्या चिखलात गेल्या. सावित्री आणि गांधारी परत येणारच आहेत. ज्यांच्याकडे अजून काही उरलंय त्यांच्याकडे मोबाईल घेऊन जा, कागद मागू नका, तिथेच फोटो काढा.

आणि ज्याला खरोखर नवा प्रश्न हवा आहे त्याच्यासाठी एक पडून आहे. ब्रूमफील्ड यांचं म्हणणं एक गृहीतक म्हणून घ्या: तळं आधी, भोवतीची घरं नंतर. ते तपासता येतं. तळ्याभोवतीच्या मिळकतींचे सिटी सर्व्हेचे उतारे, नगरपालिकेच्या घरपट्टीची जुनी रजिस्टरं, उभ्या असलेल्या जुन्या घरांची जोती आणि कौलं, तळ्याच्या तळातल्या गाळाचे थर. घरं केव्हा आली ते कळलं तर मनाई केव्हापासून शक्य होती याची अलीकडची मर्यादा ठरते. हेच काम वीरेश्वराच्या आवाराच्या भिंतीसाठीही करता येईल: ती भिंत कधी बांधली, कुणाच्या पैशाने, आणि तिच्या आधी तिथे काय होतं. कुणी हात घालणार असेल तर मला लिहा, गाळाचे नमुने काढायला मी येते.